महिनाअखेरचा पट्टा

तीस तारखेपर्यंत गवत पेटवलं तर ते संवर्धन, एक तारखेला पेटवलं तर गुन्हा. माळरानाच्या राखणदारांना एवढा एकच कायदा पाठ होता. गवत ओलसर असताना थोडं थोडं जाळलं की पुढचा मोठा वणवा टळतो, धूर कमी होतो आणि त्या न झालेल्या धुराचे पैसे दूरदेशीच्या कंपन्या देतात. न केलेल्या कामाचे पैसे बऱ्याच जणांना मिळतात. इथे त्यावर आठ राखणदारांचे पगार चालत.

तीस तारीख होती, दुपारचे पावणेचार. गवताचा शेवटचा पट्टा जाळायचा उरला होता. तो राहिला तर करार मोडणार आणि आठही जण घरी बसणार.

पट्ट्याच्या मधोमध, पुरुषभर गवतात, राखणदारांच्या मुकादमाचा मेव्हणा कोयता घेऊन बसला होता. तिथे त्याचे चाळीस तारेचे फास होते.

"दाजी, दोन हरणं अडकलीत. उद्या जाळा."

"उद्या जाळलं तर मी आत जाईन."

"मग शिटी वाजवा."

नियम साधा होता. मुकादमाची शिटी ऐकू आली तर थांबायचं, नाहीतर चारच्या ठोक्याला पट्ट्यापलीकडच्या सात राखणदारांनी पेटवायचं. मुकादमानं शिटी खिशात घातली आणि आग झोडपायच्या दांड्यानं मेव्हण्याचं तोंड झोडपलं. दोन दात गवतात पडले. मेव्हण्यानं कोयता फिरवला. मुकादमाचा डावा कान अर्धा झाला.

"ताईचं कुंकू म्हणून अर्धाच घेतला," मेव्हणा रक्त थुंकत म्हणाला.

मग दोघं एकमेकांच्या नरड्याला धरून लोळले. नातं जुनं होतं, पुष्कळ साठलं होतं. लग्नातल्या मानपानापर्यंत पोचले तेव्हा चार वाजले.

पलीकडचे सात जण वेळेचे पक्के. ज्वाळा एकदम उठली. तीन वर्षं न जळलेलं गवत फटाफट फुटू लागलं. दोघं पळाले. मेव्हण्याला फास कुठे आहेत ते माहीत होतं, मुकादमाला नव्हतं. दहाव्या पावलाला तो तोंडावर आपटला. तार बुटाच्या वर रुतली, ओढेल तशी आवळत गेली. दुसरं टोक जाड बुंध्याला बांधलेलं.

मेव्हणा मागे फिरला. तारेवर कोयता घातला, ठिणग्या उडाल्या.

"चांगली तार घेतलीस रे," मुकादम म्हणाला.

"दाजी, ही तुटत नाही."

दोघांनी पायाकडे बघितलं. मुकादमानं शिटी काढून दातांत धरली.

पाय तुटायला तीन घाव लागले. प्रत्येक घावाला शिटी वाजली, आणि पलीकडचे सात जण नियमाप्रमाणे जागच्या जागी थांबले. आग थांबली नाही. मेव्हण्यानं त्याला पाठीवर घेतलं आणि ज्वाळेतून बाहेर काढलं. दोघांचेही केस जळून गेले होते.

दवाखान्यात शुद्धीवर येताच मुकादमानं विचारलं, "पट्टा?"

"पूर्ण जळाला."

"तारीख?"

"तीसच." मेव्हण्याला दातांअभावी 'स' नीट जमला नाही. "हरणंही गेली, दाजी."

तेवढ्यात मुकादमाची बायको आली. तिनं दोघांना नीट बघून घेतलं. आधी भावाच्या कानाखाली वाजवली. मग चादर बाजूला करून नवऱ्याच्या अंगावर न भाजलेली जागा शोधू लागली.