पेन्सिलीने काढलेलं राज्य

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. भारताचा. नावड्याजवळच्या एका खासगी शाळेत पाचवीच्या वर्गात फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेला असायचो. कापडावर डकवलेला, वर वॉर्निश, वर-खाली काळ्या दांड्या. एके काळी काय चकाकायचो! आता कोपऱ्यातलं ते अंदमान आहे की चहाचा डाग, हे माझं मलाही सांगता येत नाही.

मी छापखान्यातून निघालो तेव्हा तेलंगणा हे राज्यच नव्हतं. पुढे ते झालं, पण शाळेला अनुदान नाही, मग नवा नकाशा आणणार कोण? शेवटी भूगोलाच्या निशिगंधा मॅडमनी पेन्सिलीने त्याची सीमा माझ्यावर काढली. पोरं म्हणाली, पेनने काढा ना. मॅडम म्हणाल्या, पेन्सिलच बरी, चुकलं तर खोडता येतं.

माझ्या अंगावर आणखी एक खूण आहे. दर जूनमध्ये पहिल्या तासाला मॅडम विचारायच्या, आपण कुठे राहतो? मग चाळीस बोटं मुंबईच्या शेजारी एकाच जागी टेकायची. तिथला रंग केव्हाच उडाला, आता नुसतं पांढरं कापड दिसतं. सगळा देश माझ्यावर आहे, फक्त आपलं घर तेवढं पुसलं गेलंय. मला याचा फार अभिमान होता.

मॅडमची मुलगी मनस्वी त्याच वर्गात होती. शाळेत आईला आई म्हणायचं नाही, मॅडमच म्हणायचं, हा त्यांच्या घरचा नियम. मनस्वीने तो कधीही मोडला नाही. कधीकधी मलाच वाटायचं, मोड की एकदा!

मार्चमधली गोष्ट. मॅडमना हैदराबादजवळच्या एका निवासी शाळेची नोकरी आली होती. शाळा सुटल्यावर त्या विज्ञानाच्या आतिफ सरांना घेऊन वर्गात आल्या. सर तीन वर्षं कर्नाटकात शिकवून परतलेले, त्यामुळे त्यांना यातलं कळायचं. ते म्हणाले, "मॅडम, पगार सगळेच विचारतात. अटी शेवटच्या पानावर असतात, त्या आधी वाचा."

मॅडमनी फळ्यावर दोन रकाने केले. 'इथे' खाली लिहिलं, अकरा महिन्यांची ऑर्डर, मे महिन्याचा पगार नाही, नऊ वर्षं तेच. 'तिथे' खाली लिहिलं, पगार अडीचपट, राहायला खोली, पीएफ. मग सर कागदावरून वाचत गेले आणि मॅडम लिहीत गेल्या. मूळ प्रमाणपत्रं दोन वर्षं शाळेकडे जमा. घरी यायचं ते दसऱ्याला आणि मे महिन्यात. मूल सोबत ठेवता येणार नाही.

शेवटची ओळ लिहून मॅडम खडू धरून तशाच उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला भीती वाटली ती त्याचीच.

एवढ्यात मुख्याध्यापक वामन सरांची चप्पल वाजली. मॅडमनी चटकन मला उचलून फळ्यावर टांगलं. सर आत येताच मॅडमनी विचारलं, या वर्षी तरी कायम कराल का? सर म्हणाले, संस्थेकडून काही कळलेलं नाही, जूनमध्ये बघू. नऊ वर्षं ते जूनमध्येच बघत होते बिचारे. बोलत बोलत तिघं बाहेर गेली. फळा रोज यशोदाबाई पुसायच्या, पण नेमक्या त्या दिवशी त्या रजेवर होत्या.

सकाळी पहिला तास मॅडमचाच. त्या खाली मान घालून हजेरी घेत होत्या. मनस्वी वर्गाची मॉनिटर, तिने मला खाली उतरवलं. पोरांना वाटलं, नवा धडा आहे. सगळी मुकाट्याने वहीत उतरवायला लागली. मनस्वीने फळा वरपासून खालपर्यंत वाचला.

"मॅडम, हे उतरवायचं आहे का?" तिने विचारलं.

मॅडमनी मान वर केली. फळा पाहिला.

"नाही. पूस."

मनस्वीने डस्टर घेतला आणि शेवटची ओळ सगळ्यात आधी पुसली. मग हजेरी पुढे सुरू झाली. मनस्वीचं नाव आलं तेव्हा ती हजर म्हणाली.

मे महिन्यात सामान न्यायला मॅडम एकट्याच वर्गात आल्या. माझ्यासमोर बसल्या, पर्समधून निळं पेन काढलं आणि पेन्सिलीच्या रेघेवरून सावकाश फिरवलं, तेलंगणाच्या सगळ्या सीमेवरून. पेन बंद करून त्या निघून गेल्या.

जूनमध्ये मला सहावीच्या वर्गात नेलं. नवे वरद सर आले, त्यांनीही तोच प्रश्न विचारला, आपण कुठे राहतो? बोटं टेकली पांढऱ्या कापडावर. मनस्वीचं बोट मात्र पुढे पुढे सरकत निळ्या रेघेच्या आत जाऊन थांबलं. सर म्हणाले, अगं, चुकलं.

"नाही सर," ती म्हणाली, "इथे आई राहते."

शाळेत तो शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

मित्रांनो, नकाशा जपून वापरा. ओले हात लावू नका, गुंडाळताना घडी पाडू नका, बोट लांबूनच दाखवा, टेकवू नका, एवढंच मला सांगायचं होतं. पण मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला की एक बोट माझ्यावर येतं, आणि तेलंगणाचा रंग आताशा फिका पडायला लागलाय. त्यावरून मनस्वीला कुणी रागावू नका.