धवलारणीचं बस्कर

मी बस्कर बोलतंय, कडावच्या अंबूबाईचं. जुन्या लुगड्यांचे तुकडे एकावर एक टाचून तिनंच मला शिवलं.

अंबूबाई धवलारीण, म्हणजे लग्नाच्या मांडवात धवले गाणारी. कुठल्याही हळदीला गेली की आधी मला अंथरायची, मग बसायची. बायांना तो तिचा तोरा वाटायचा. शेजारची गोदूबाई तर तोंडावर म्हणायची, "आमाला जमीन चालते गं, हिला गादी लागते!"

अंबूबाई हसायची, पण जपून. मोठ्यानं हसली, खोकली की लघवीचे थेंब ओघळायचे. ते मी गुपचूप जिरवायचं. शेवटच्या बाळंतपणानंतर पुरता महिनाही झाला नव्हता, तर ती भातलावणीला वाकली होती, तेव्हापासूनचं हे. बाईला असायचंच, असं ती धरून चालली. आणि मांडवात जायच्या दिवशी पाणीच पिईना. गाणारीनं पाणी सोडायचं म्हणजे काय हो!

मला धुताना सून अक्षदाला वास आला.

"आई, हे काय?"

"पानी सांडलं गं."

"स्वराज झाला तवा माजंबी असंच सांडायचं. भिसेगावला फिजिओथेरपीवाली बाई हाय, व्यायाम शिकवते. चल ना."

"शी! त्या जागेचा कसला व्यायाम? गावाला कळलं तर मांडवात कोन बसवील मला?"

आधी गणपती जाऊ दे, मग कापणी होऊ दे, असं करता करता नात प्राचीचीच हळद आली. सकाळपासून अंबूबाईच्या घशाखाली थेंब नव्हता. पहिलाच धवला उचलला, सूर चिरकला, खोकला लागला आणि मी चिंब झालं. ती धवला अर्धा टाकून उठली, घरात गेली. हळद लागलेल्या तोंडानं प्राची बघत राहिली. कुणीतरी स्पीकर लावला.

आता ती भिसेगावला जाते. खालचे स्नायू झोळीसारखे मूत्राशयाला तोलून धरतात, बाळंतपणात सैल पडतात, या वयातही घट्ट होऊ शकतात, असं तिथल्या बाईंनी समजावलं. पाणीही प्यायला लावलं. माझ्यावर पडून ती ते स्नायू आवळते, सोडते. बराच फरक आहे. बायांनो, एवढं लपवू नका गं, वेळेत कुणाला तरी सांगा.

परवा प्राची माहेरी आली. "आजी, आता बरी हायस ना? माजा धवला पुरा कर."

अंबूबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "हळद उतरल्यावर धवला गात नाय गं, बाय."