मलकपेठेतले मेंदीचे कुंपण आणि मी

मित्रांनो, मी एक जुना हेज ट्रिमर आहे, म्हणजे कुंपण छाटायचे यंत्र. घरात मला सगळे नुसते 'मशीन' म्हणतात. माझ्या पुढच्या बाजूला दोन लांब दातेरी पाती आहेत, एकावर एक बसवलेली. वीज मिळाली की ती मागेपुढे सरकतात आणि मधे सापडलेली फांदी कापली जाते.

एका कारखान्यात माझी जुळणी झाली. आबिड्स बाजारातल्या एका दुकानातून सत्यवतीबाईंनी मला मलकपेठेतल्या त्यांच्या घरी आणले. घराभोवती त्यांनी स्वतःच्या हाताने मेंदी लावली होती. ते कुंपण त्या माझ्याकडून असे सरळ छाटून घेत, की येणारेजाणारे थांबून पाहत. आषाढ आला की गल्लीतल्या बायका हात रंगवायला पाला मागायला येत. दसऱ्याला तर माझा थाट विचारू नका! मला धुऊन पाटावर ठेवत, हळदीकुंकू लावत, झेंडूची माळ घालत. तो दिवस मला फार आवडायचा.

मग हळूहळू माझी पाती जड झाली. एके दिवशी ती हललीच नाहीत. मी जिन्याखाली जाऊन पडलो आणि मेंदी मोकाट वाढली. शेजारच्या भाग्यलक्ष्मींची स्कूटर वळणावर फांद्यांत अडकली, त्या पडता पडता वाचल्या. हे कळल्यावर सत्यवतीबाईंचा मुलगा विक्रम वैतागला.

"आई, नक्को आता हे कुंपण. रविवारी माणसं येतायत. मेंदी उपटून साफ भिंत घालू."

"माझी मेंदी उपटायची? मशीन चालू झालं तर?"

"ते मशीन मेलंय. नवं आणलं तरी त्याचंही हेच होणार."

"मेलं नाही, अडकलंय," सत्यवतीबाई म्हणाल्या. "रविवारच्या आत चालू झालं, तर भिंत नाही. कबूल?"

"कबूल. पण ते होत नाही, माझ्याकडून लिहून घे."

मित्रांनो, दुसऱ्याच दिवशी सकाळी सत्यवतीबाईंनी मला व्हरांड्यात आणले. माझी वायर प्लगातून काढलेली आहे, हे त्यांनी आधी डोळ्यांनी पाहिले. मग जुने वर्तमानपत्र अंथरून त्यांनी माझा एकेक स्क्रू काढला आणि ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने मांडून ठेवला. पाती मात्र सुटेनात. बऱ्याच खटपटीने ती वेगळी झाली, तेव्हा मधे पिवळट लाल, कडक थर दिसला.

भाग्यलक्ष्मी पायरीवर बसून बघत होत्या. "सत्यवतीम्मा, हे काय हो? आत पुलिहोऱ्याचा पिवळा भात अडकला का?"

सत्यवतीबाईंनी तो थर नखाने खरवडला. त्यात झेंडूची वाळकी पाकळी निघाली.

"पुलिहोरा नाही गं. ही दसऱ्याची हळद आहे. दरवर्षी मीच याला पाण्याने धुते, ओलं हळदीकुंकू लावते, माळ घालते आणि तसंच ठेवून देते. पुसलं कधीच नाही."

"अय्यो! म्हणजे पूजा करून करून जाम केलं तुम्ही!"

"हौ ना! वर आणखी आशीर्वाद मागितला याच्याकडे," असे म्हणून सत्यवतीबाई हसल्या, आणि मग दोघीही पोट धरून हसत सुटल्या.

हसून झाल्यावर सत्यवतीबाईंनी पदर खोचला. गंज सोडवणारे तेल लावून त्यांनी थर मऊ केला, ब्रशने काढला आणि पॉलिश पेपरने पाती घासली. हातमोजे घालून प्रत्येक दाताच्या उतरत्या कडेवरून एकाच दिशेने कानस फिरवली. माझ्या पोटातल्या चाकांवरचे वाळलेले काळे ग्रीस पुसून नवे भरले. सगळे पुन्हा जोडून, बोल्ट घट्ट आवळून त्यांनी मला वीज दिली.

मी नुसता गुरगुरलो. पाती हलली नाहीत, आणि अंगातून जळका वास येऊ लागला. त्यांनी चटकन प्लग काढला.

"सांगितलं होतं ना, आई," विक्रम दारातून म्हणाला. "राहू दे आता. कायकू जीवाला त्रास?"

"तू चहा टाक," सत्यवतीबाई म्हणाल्या. "मी अजून उठले नाहीये."

त्या माझ्याकडे बघत बसल्या. आवळण्याआधी पाती एकमेकांवरून सहज सरकत होती, आवळल्यावर अडकली. म्हणजे पाती सैल राहतील या भीतीने आपणच बोल्ट जास्त आवळले! त्यांनी प्रत्येक बोल्ट किंचित सैल केला, पात्यांमध्ये तेलाचे थेंब सोडले आणि मला पुन्हा वीज दिली.

खर्रर्र! मित्रांनो, माझाच आवाज मला ओळखू येईना.

रविवारी पहारी आणि कुदळी घेऊन माणसे आली, तेव्हा सत्यवतीबाई चष्मा आणि हातमोजे घालून कधीच कामाला लागल्या होत्या. रस्त्याकडची बाजू सरळ झाली होती आणि वळण मोकळे दिसत होते. भाग्यलक्ष्मी पडलेल्या फांद्यांचा पाला परातीत भरत होत्या.

विक्रम फाटकात उभा राहिला. त्याने कापलेल्या कडेवरून हात फिरवला. मग त्या माणसांकडे वळून म्हणाला, "भाई, आज काम नक्को. चाय पिऊन जावा."

नंतर त्याने माझी लोंबणारी वायर उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली. "आई, ही पात्याखाली येईल. मी धरतो, तू पुढं चल."

मित्रांनो, घरातल्या मोठ्या माणसांशिवाय आमच्यासारख्यांना हात लावू नका. पण त्यांना एवढे जरूर सांगा: आम्हाला नमस्कार करा, तो गोडच वाटतो. फक्त नमस्कार झाला की आम्हाला कोरडे पुसा आणि तेलाचे बोट लावा. त्या दुपारी विक्रमने माझा प्लग काढून पाती पुसली. सवय नसल्याने त्याचा हात जरा घाबरतच फिरत होता. सत्यवतीबाई शेजारी बसून सांगत होत्या, "हळू, दातांच्या मधेपण पूस. घाई नाही कसली."