उकळलेला दगड

"आपल्या घरात अंडं शिजत नाई, अन् या दगडायले कोळंबी पाह्यजे," आई माझ्या कानाशी पुटपुटली. समोर माझा धाकटा भाऊ प्रफुल काचेच्या टाकीत पिचकारीनं कोळंबीचा चुरा सोडत होता. मला हसू आलं. आमचे वडील, अण्णाजी, यांच्या तेरवीनंतर आई पहिल्यांदाच कुरकुरली होती, आणि तिची कुरकुर ऐकून बरं वाटावं असे दिवस आले होते.

हिंगणघाटात समुद्र नाही, म्हणून प्रफुलनं तो घरात बनवला, फिल्टरच्या पाण्यात पिशवीतलं मीठ कालवून. उन्हाळ्यात माणसांना कूलर, पण टाकीला पाणी गार करायचं महागडं यंत्र. टाकीत दगडांवर झोआ नावाची कोरलं, म्हणजे जिवंत प्रवाळ. शर्टाच्या बटणाएवढी, फुलांसारखी उमलणारी, हिरव्या कडेची, केशरी डोळ्याची. एक रंग निवडायला हे जेवढा वेळ घेतात तेवढा मला पसंत करायला घेतला नव्हता, असं त्याची बायको सपना म्हणायची.

नवरात्राच्या आधी एका दगडावर तपकिरी, भोंगळ झोआ माजली आणि रंगीत झोआंना दाबायला लागली. प्रफुलनं तो दगड काढून अंगणात बादलीत ठेवला, साफ करायचा आहे एवढंच आईला सांगितलं आणि दुकानात निघून गेला. आता आमच्या आईचं असं की जे साफ करायचं ते उकळायचं. घट बसायच्या आधी तर काहीच सुटत नाही. एका वर्षी तिनं अण्णाजींची कवळी उकळून वाकडी केली होती. तिनं मोठ्या गंजात पाणी घेतलं, त्यात दगड सोडला आणि गंज गॅसवर चढवला.

अण्णाजींची खाट स्वयंपाकघराला लागूनच होती. आईला दिवसभर खोकला आला, तोंड कडू झालं. अण्णाजींचा दमा जुना. ते त्या आठवड्यातच गेले. डॉक्टर न्युमोनिया म्हणाले.

या झोआंत विष असतं आणि उकळलं की ते वाफेत उतरतं, हे प्रफुलला टाकी आणली तेव्हापासून ठाऊक होतं. सांगितलं तर घरचे टाकी ठेवू देणार नाहीत म्हणून तो बोलला नाही. हे त्यानं मला आणि सपनाला सांगितलं ते अण्णाजी गेल्यावर, रडत रडत. मला त्याची कीव आली आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. आईला मात्र कळू द्यायचं नाही, असं आम्ही तिघांनी ठरवलं. कळलं तर ती अंथरूण धरेल.

टाकीही घरात नको म्हणून प्रफुलनं ती नागपूरच्या रजतला तशीच देऊन टाकायचं ठरवलं. रजतलाही हाच नाद. कोळंबीचा चुरा घातला त्याच दुपारी तो डबे घेऊन आला, हातमोजे चढवले, डोळ्यांवर मोठा चष्मा लावला आणि एकेक दगड पाण्याखालीच डब्यात घ्यायला लागला.

आई जवळ जाऊन उभी राहिली. सपनानं तिला चहाला आत बोलावलं. मी देवळात जाऊ म्हटलं. ती हलली नाही. हे मोजे कशाला, तिनं रजतला विचारलं. त्याला बिचाऱ्याला आमच्या घरचं काय माहीत. हाताला चीर असली तर विष आत जातं, ब्रशनं घासलं तर डोळ्यात उडतं, असं त्यानं अदबीनं समजावलं.

"अन् उकळलं तर?"

"उकळायचं तर नावच नका घेऊ, काकू. वाफेनं माणूस जाते. प्रफुलभाऊले विचारा ना, मी नवीन होतो तवा त्यायनंच मले बजावलं होतं."

प्रफुल पंपाची वायर सोडवत होता. सुटलेली वायर त्यानं पुन्हा गुंडाळायला घेतली.

आई त्याच्याकडं वळली. आवाज चढवला नाही.

"ह्यायले मी त्या दगडाच्या वाफेनं मारलं, हे मले ते गेले त्याच दिवशी माह्या खोकल्यावरून समजलं होतं," ती म्हणाली. "तुमी तिघं लपवून राह्यले, म्हणून मी बी गप्प होती. पण तुले तर आधीपासून माहीत होतं, प्रफुल. मले सांगितलं काऊन नाई?"