चांगुणा शाळा बघायला गेली

लातूर जिल्हा झाला त्याला तीन वर्षं झाली होती आणि पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. जिल्ह्याबरोबर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर जीपा आल्या, आणि दुष्काळाबरोबर टँकर. एवढं सगळं एकाच वेळी बिघडायला आलेलं बघून गॅरेजवाल्यांना मात्र सुगी लागली. औसा रस्त्यावरच्या मलप्पा मिस्तरीनं तर दुष्काळ पडल्यापासून पत्र्याचं दुसरं छप्पर टाकलं होतं.

त्याच्याकडे केरबा सात वर्षं कामाला होता. दहावी झालेला, पंचविशीला आलेला, शांत माणूस. बायको चांगुणा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. नवरा मेकॅनिक आहे म्हणून कामावरच्या बायांत तिची मान जरा ताठ असायची. तोंड तर जन्मापासूनच ताठ होतं.

एके सकाळी त्यांच्या वस्तीकडे येणारा टँकर अलीकडच्या चढावर बंद पडला. बाया घागरी घेऊन धावल्या. ड्रायव्हर म्हणाला, पाणी विहिरीत सोडायचा हुकूम आहे, रस्त्यावर तोटी खोलणार न्हाई. मग कुणीतरी म्हणालं, चांगुणीचा नवरा हाय की घरी, बलवा त्याला.

केरबा आला. बॉनेट उघडलं. आत वाकून बघितलं, एक नळी चाचपली, दुसरी चाचपली. बाया कडं करून उभ्या राहिल्या. तो बराच वेळ वाकलेला राहिला. शेवटी हात पुसत म्हणाला, "शरणप्पाला बलवावं लागंल."

शरणप्पा म्हणजे मलप्पाचा भाचा. सायकलवर आला, डिझेल पंपावरचा एक स्क्रू ढिला केला, हातानं डिझेल मारलं, फेस निघून गेल्यावर स्क्रू आवळला. "डिझेलात एअर धरली होती," म्हणाला. टँकर सुरू झाला.

"एवढंच व्हय?" भामाबाई मोठ्यानं म्हणाली. ती चांगुणेच्या शेजारी राहायची आणि अशी संधी कधी सोडायची नाही. "मंग सात वर्षं हे काय गॅरेजात झाडून काढून राहिले का?"

चांगुणानं घागर भरली, घरी आणली, आणि मगच तोंड उघडलं.

"तुमाला एवढं येत न्हाई?"

"इंजिनाचं काम माझ्याकडं नसतंय. मी खालचं बघतो. ब्रेक, स्प्रिंगचे पाटे, ग्रीस, गिअरबॉक्स उतरवायचा."

"सात वर्षं?"

"वस्ताद म्हणतेत, अजून येळ हाय."

"शरणप्पा कधी आला?"

"दोन साल झाले असतील."

चांगुणा हसली. ते हसू ऐकून केरबा चप्पल घालून बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती भाकरीचं निमित्त करून गॅरेजात गेली. केरबा जीपेखाली उताणा पडला होता, फक्त पाय दिसत होते. वर शरणप्पा इंजिनाचं हेड उघडून बसला होता आणि मलप्पा त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी सांगत होता. खालच्या माणसाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. खांबाला पाण्याचे तीन गिलास होते. दोन एका खिळ्याला, तिसरा पलीकडं, तारेला टांगलेला. चांगुणानं तो तिसरा गिलास ओळखला. असले गिलास ती लहानपणापासून ओळखत होती. नवऱ्यानं सात वर्षांत घरी त्याचं नावही काढलं नव्हतं.

तिचा थोरला भाऊ साहेबराव नांदेडला जिल्हा परिषदेत कारकून होता. सफारी घालायचा आणि कुणी विचारलं नसलं तरी सल्ला द्यायचा. तो वर्षभर सांगत होता, दाजींना आयटीआयला घाला, आपल्या लोकांना फी न्हाई, वय बी बसतंय. आजवर चांगुणानं त्याला उडवून लावलं होतं. आता ती म्हणाली, "दाखव तुझी शाळा."

केरबानं ही गोष्ट गॅरेजात सांगितली तेव्हा मलप्पा हातातला चहा सांडेपर्यंत हसला.

"शाळेत? मोटार शिकायला? अरे, शाळेत शिकलेला एक आला होता माझ्याकडं कामाला. पाना दे म्हणलं तर पाना म्हणजे काय ते सांगाया लागला. कागुद दाखवून नट सुटतोय का?" मग गंभीर होऊन म्हणाला, "पोरावानी जपलं तुला. कुठं चाललास?"

केरबाला ते खरं वाटलं. मलप्पानं त्याला कधी शिवी दिली नव्हती, आजारपणात पगार कापला नव्हता. नांदेडला तो निघाला तो बायकोचं मन राखायला.

गोदातीर औद्योगिक प्रशिक्षण संस्था विष्णुपुरीच्या रस्त्यावर होती. पाटी मोठी होती, तिच्या मागं जुनं कापसाचं गोदाम होतं. साहेबराव केरबाला पाटी वाचून दाखवत होता. चांगुणा सरळ आत शिरली.

आत विटांवर चढवलेली एक बिनचाकांची जीप होती. स्टँडवर अँबॅसडरचं इंजिन होतं, अर्धं कापलेलं, आतले भाग लाल, हिरव्या, पिवळ्या रंगानं रंगवलेले. शिकवणारे शेषेराव सर पांढऱ्या शर्टात टेबलाशी बसले होते. त्यांची नखं स्वच्छ होती. चांगुणानं आधी नखं बघितली.

"सर, ही गाडी चालू करून दावा."

"बॅटरी नाही."

"मंग?"

"मागणी केलेली आहे."

"कवा?"

"संस्था निघाली तेव्हाच."

साहेबराव खाकरला. "चांगुणे, दाजींच्या ॲडमिशनचं बोलायला आलोत आपण."

"बोलूनच राहिले ना. आन् हे इंजिन? हे बी बसूनच असतंय व्हय?"

"कापलेलं इंजिन कसं चालेल बाई? ते समजायला आहे." सर चिडले नाहीत. त्यांना असल्या प्रश्नांची सवय असावी, किंवा चिडण्याइतका उत्साह उरला नसावा. "मागं एक अखंड आहे. ते पोरं उघडतात, बसवतात."

"कोणची पोरं?"

"सगळी. चौघाचौघांची टोळी. हजेरीच्या नंबरानं पाळी येते."

"एखाद्याची पाळी तुमी गाळली तर?"

सरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी साहेबरावाकडं बघितलं, साहेबराव छताकडं बघत होता.

"गाळून कसं चालेल? परीक्षक येतो, प्रत्येकाला काम करायला लावतो. नाही जमलं तर मला जाब विचारतात. मी तर म्हणतो उघडा रे, लाख वेळा उघडा. बसवताना चार नट उरतात हे खरं. ते मी खिशात ठेवतो, मग शोधत बसतो." त्यांनी खरंच खिशातून दोन नट काढून टेबलावर ठेवले.

चांगुणा दाराकडं वळली. दाराशी रांजण होता. वर्गातून दोन पोरं आली, एकाच गिलासानं पाणी प्याली आणि गिलास झाकणीवर ठेवून गेली. त्या गिलासानं ती स्वतः पाणी प्याली आणि एसटी स्टँडकडं चालू लागली.

बस लोह्याच्या पुढं गेली तेव्हा केरबा बोलला. "भंगार हाय सगळं. धा पोरं एका इंजिनावर लोंबकळतेत. सराला बी काय येत असंल देव जाणे."

"हाव, भिकारच हाय."

"वस्तादाच्या गॅरेजात एका दिवसात दिसतंय तेवढं तिथं सालभरात दिसायचं न्हाई."

"दिसतंय. तुमी सात वर्षं बघूनच राहिलात." तिनं खिडकीबाहेर बघितलं, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती करपलेली रानं. "तो मास्तर बिनकामाचा हाय. पर त्याला तुमाला इंजिनापास्नं लांब ठेवता येत न्हाई. त्याची नोकरी जाईल. मलप्पाचं काय जातंय?"

केरबाला राग आला. वस्तादाबद्दल असं बोललेलं त्याला सहन व्हायचं नाही. पण लातूरला उतरेपर्यंत तिचा तो प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही, आणि सकाळी गॅरेजात गेल्या गेल्या त्यानं मलप्पाला गाठलं.

"वस्ताद, शाळा मला पसंत पडली न्हाई. न्हाई जात. पर आजपास्नं मला इंजिनावर घ्या."

मलप्पानं त्याच्या खांद्यावर थोपटलं. "तुझा हात जड हाय रे. इंजिनाला हलका हात लागतोय. खालच्या कामाला तुझ्यावानी माणूस न्हाई लातुरात."

"जड हाय?" केरबा म्हणाला. "कवा बघितला वस्ताद तुमी माझा हात? मी कवा लावला?"

शरणप्पा हेड पुसायचा थांबला. मग मलप्पा नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ती जीप उरक आधी. कचेरीची हाय, साहेब बारा वाजता येणार."

केरबानं जीप उरकली. ब्रेक नीट बसवले, चाकं चढवली, हात धुतले. मग सांगितलं की उद्यापासून येत नाही, शाळेत नाव घालतो. मलप्पा खूप बोलला. नमकहराम म्हणाला, शाळेतून परत आलास तर झाडायला ठेवतो म्हणाला, तुमच्या लोकांना सरकारनं डोक्यावर चढवलं हेही त्याच्या तोंडून त्या दिवशी एकदाचं बाहेर पडलं. केरबा ऐकत उभा राहिला. आत कुठंतरी त्याला बरंच वाटत होतं. सात वर्षं जे पुटपुटलं जात होतं ते आता सगळं ऐकू येत होतं.

निघताना मलप्पा मागं मागं रस्त्यापर्यंत आला. इकडंतिकडं बघून म्हणाला, "केरबा, कचेरीवाले आता गाड्यांच्या कामाला सर्टिफिकेटवाला माणूस हाय का इचारून राहिलेत. तुझ्या त्या शाळेत... शरणप्पाला घेतील का? फारम कधीपर्यंत हाय?"

घरी हे ऐकून चांगुणा हसली, यावेळी केरबाही हसला.

शरणप्पा खरंच शाळेत आला. दोघांची नावं हजेरीत लागूनच आली, म्हणून एकाच टोळीत पडली. शरणप्पाला जे येत होतं ते तो हातचं न राखता दाखवायचा; मामा जवळ नसला की बरा पोरगा होता. पण त्याला वर्गातला फळा सोसेना. दिवाळीला गेला तो आलाच नाही.

केरबा टिकला. चांगुणा लातूरचं बिऱ्हाड मोडून नांदेडला आली आणि कालव्याच्या कामावर जाऊ लागली. दोन वर्षांत बॅटरी काही आली नाही. केरबानं ते एक इंजिन इतक्या वेळा खोललं की डोळे मिटून बसवता आलं असतं, पण चालू इंजिनाचा आवाज ओळखायला त्याला पुढं एका सरदारजीच्या ट्रक गॅरेजात पुन्हा नवखा म्हणून राहावं लागलं. तिथं त्याला पहिल्याच दिवशी इंजिनावर ठेवलं, कारण हातात कागद होता आणि सरदारजीकडं माणसं कमी होती. नंतर बिलोलीला एका ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात त्याला कायमची जागा मिळाली.

चांगुणेचं मत मात्र बदललं नाही. बिलोलीत कुणी पोराला आयटीआयला घालू का म्हणून विचारायला आलं की ती चहा ठेवता ठेवता सांगायची, "लई भिकार शाळा. मास्तर तर त्याहून भिकार. फारम मिळतोय का ते लवकर बघा, जागा भरतेत."