बर्फाचे केस

आई पहाटेच, अंगात साधा लोकरी कोटही न घालता, घरातून निघून गेली होती. वर्षभरापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पोटची पोरंही तिला ओळखू येत नव्हती. असल्या थंडीत धडधाकट माणूस टिकत नाही, तिथे ऐंशीच्या म्हातारीचं काय! मी आणि माझा भाऊ फ्रिडोलीन गावामागच्या रानात घसा फुटेस्तोवर हाका मारत होतो.

चढावर एक खोड आडवं पडलं होतं. त्यावर पांढरेशुभ्र केस!

"अरे थांब, ते बघ!"

"बर्फाचे केस गं, रोझविटा. जन्मात पाहिले नाहीस का? चल, वेळ घालवू नकोस."

खरंच होतं ते. आमच्या ब्लॅक फॉरेस्टात हिवाळ्यात कुजक्या फांद्यांना असे रेशमासारखे बर्फाचे केस फुटतात. हात लावला की पाणी. लहानपणी आम्ही त्यांच्या मिशा लावायचो. परका माणूस किंचाळतो. आम्ही मानही वळवत नाही. मीही निघाले.

पुढे बीचची झाडं लागली. खाली पडलेल्या फांदीफांदीला केस आले होते. ते बघून माझे पायच खिळले.

"फ्रिडोलीन, मघाचं खोड कशाचं होतं रे?"

"पाइनचं. तिकडे बाबांनी सगळं पाइनच तर लावलं..." तो आ वासूनच राहिला.

"पाइनला कधी केस आलेत का रे, मुडद्या!"

ते येतात बीचसारख्या पानझडी झाडांच्या साल गेलेल्या लाकडावर. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे सांगेल! आम्ही पडत-धडपडत मागे पळालो.

खोडाच्या पलीकडे आई होती. मान लाकडावर कलंडलेली, अंबाडा सुटलेला, केसांवर दव गोठलेलं. ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता. देवा रे! मी माझा कोट काढून तिच्याभोवती गुंडाळला.

"आई, अगं हाक तरी मारायचीस! इथूनच गेलो ना आम्ही!"

तिने भावाकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं.

"फ्रिडोलीन म्हणाला, बर्फ आहे," ती पुटपुटली. "मला वाटलं, असेन."

फ्रिडोलीन मटकन खालीच बसला.

"बसतोस काय!" मी किंचाळले. "उचल तिला!"