परवान्याखालचा शब्द

मी 'प्रिपॉस्टरस' बोलतोय. नाव अवघड असलं तरी माझी गोष्ट सोपी आहे. लॅटिन भाषेतले 'आधीचा' आणि 'नंतरचा' असे दोन शब्द एकमेकांना चिकटले आणि माझा जन्म झाला. जिथे नंतरचं आधी येतं, तिथे मी असतो. पुढे इंग्रजीत गेलो आणि निव्वळ उफराट्या, मूर्खपणाच्या कारभाराला लोक माझं नाव देऊ लागले.

मी ज्या शब्दकोशात राहतो, तो हरिचंदने नागपूरच्या जुन्या बाजारात घेतला. शिक्षण संपवून तो १९४६ साली निजामाच्या राज्यात, कनेरगाव नाक्याजवळच्या आपल्या बंजारा तांड्यावर परतला. त्याला तिथे शाळा काढायची होती. परवान्यासाठी दीड वर्ष त्याने कचेरीत खेटे घातले.

एकदा त्याची म्हातारी काकी नानीबाई जवळ येऊन बसली. "काय वाचून राहिला रं हरी?"

हरिचंदने तिला माझा अर्थ सांगितला. लहानपणी तिने लदेणी पाहिली होती, पाठीवर धान्याच्या गोण्या घेऊन ओळीने चालणारे बैल.

"म्हंजे वाट दावणारा बैल मागं अन् वासरू पुढं? असं कोणी केलं असतं तर तांड्याच्या नायकानं त्याच्याच पाठीवर गोणी लादली असती!"

इतकी सरळ ओळख मला कोणत्याच पंडिताने दिली नव्हती.

१९४८च्या उन्हाळ्यात परवाना मिळाला. चुरगळू नये म्हणून हरिचंदने तो माझ्याच पानात ठेवला. लिंबाखाली शाळा भरली. नानीबाई सगळ्यांत पुढे. तिला स्वतःचं नाव लिहायचं होतं. दहाव्या दिवशी तिच्या पाटीवर 'नानी' उमटलं, आणि त्याच दिवशी जमादार आला.

"इंग्रजी किताब? जप्त!" त्याने कोश फडक्यात बांधला, गाठीवर लाखेची मोहर मारली आणि मग विचारलं, "आता परवाना दाखव."

"त्या पुस्तकातच हाय, जमादारसाहेब."

"मोहर लागली. हुकमाबिगर तुटत न्हाई."

"मग हुकमासाठी अर्ज देतो."

"बिगर परवान्याच्या मास्तरचा अर्ज कचेरी घेत न्हाई. कायदा बराबर हाय."

नानीबाई पाटी घेऊन उठली. "वासरू पुढं घातलंस की रं जमादारा! समदी लदेणी हिरीत पडंल!"

सगळे हसले. तरी शाळा बंद झाली.

तेव्हापासून मी कचेरीच्या कपाटात आहे. वर फडकं, फडक्यावर लाख आणि माझ्या तोंडावर परवाना. सप्टेंबरात बाहेर जयघोष झाला. निजामाचं राज्य गेलं, असं ऐकलं. वाटलं, सुटलो. काही दिवसांनी हरिचंदचा आवाज आला. नवा कारकून फार अदबीने म्हणाला, "गाठोडं जरूर देऊ, मास्तर. फक्त आधी परवाना आणा."

हरिचंदने हळूच माझं नाव घेतलं. आपलं नाव ऐकून मला पहिल्यांदाच लाज वाटली.

या कपाटाजवळून कोणी गेलात, तर ती लाख फोडा. परवाना काढून तांड्यावर पोचवा. मला इथेच ठेवलं तरी चालेल. नानीबाईच्या पाटीवर अजून 'बाई' लिहायचं राहिलं आहे.